मांजर मला सोडून सासूबाईंच्या पायाशी बसते, वर मला चावते. मदत हवी आहे

प्राची_डोंबिवली
पटकन सांगा कोणीतरी, डोकं फिरलंय. खायला मी घालते, लिटर (तिच्या शी-शूचा ट्रे) मी साफ करते, लस द्यायला मी घेऊन गेले आणि ही बया जाऊन बसते सासूबाईंच्या पायाशी, ज्यांना मांजर अजिबात आवडत नाही आणि ज्या तिला हातसुद्धा लावत नाहीत. मी उचलून घेतलं की अंग चोरते, खाली उडी मारते. आज स्वतःहून शेजारी आली, माझा हात चाटला, मी पाठीवरून हात फिरवत होते तर दोन मिनिटांत वळून कचकन चावली. म्हणजे हिला मी आवडते की नाही? मांजर प्रेम करतंय हे ओळखायचं कसं? प्लीज "वेळ द्या" असं सांगू नका, तो देऊन झालाय.

निशिगंध७
मनी की बोका? वय काय? ऑपरेशन झालंय का? तुमच्याकडे पिल्लू असताना आली की मोठी झाल्यावर? चावली तिथे रक्त आलं का? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

गुहागरी
ताई, उगाच मनाला लावून घेऊ नका. मांजर घराला ओळखतं, माणसाला नाही, हे आमच्याकडे लहान पोर पण सांगेल. चुलत्यांनी घर बदललं तेव्हा मांजर पोत्यात घालून नेलं होतं नवीन घरी, दुसऱ्या दिवशी जुन्या पडवीत हजर. जिथे ऊब आणि मासे तिथे मांजर. सासूबाईंच्या पायाशी पंखा कमी लागत असेल, बाकी काही नाही.

मृण्मयी_क
गुहागरी, हे ऐकून ऐकून कंटाळा आला हो. अमेरिकेत ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत 2019 साली यावर अभ्यास झालाय. पिल्लाला मालकासोबत अनोळखी खोलीत ठेवायचं, मग मालक दोन मिनिटं बाहेर जाणार, मग परत येणार. साधारण 64 टक्के पिल्लं मालक परत आल्यावर शांत झाली, त्याला भेटून पुन्हा निवांत इकडे तिकडे हुंगत फिरायला लागली. तान्ह्या मुलांवर अशीच चाचणी करतात आणि तिथेही आकडे याच्या आसपासच येतात. नुसतं घर ओळखत असती तर मालक आला काय, गेला काय, तिला फरक पडला नसता.

गुहागरी
अमेरिकेतली मांजरं बंद खोलीत वाढलेली, ती काय करणार. आमची रात्री सड्यावर असतात.

प्राची_डोंबिवली
मनी आहे, पाचेक वर्षांची. ऑपरेशन झालंय, रेबीजची लस पण झालीय. रक्त नाही आलं पण दाताचा ओरखडा आहे. माझ्या मावशीची मांजर आहे, सांगलीहून आणली. पण याचा आणि चावण्याचा काय संबंध?

निशिगंध७
अहो हाच तर सगळा संबंध! मोठं झालेलं मांजर, एका बाईच्या हाताखाली वाढलेलं, अचानक सांगलीहून डोंबिवलीत. वास वेगळे, आवाज वेगळे, खाली लोकल धडधडतेय. तिचं काही सामान आणलं का बरोबर? पांघरूण, टोपली, खायची ताटली?

डॉबरमनवाला
कुत्रा पाळा. दारात चावी वाजली की कळतं कोणाचं प्रेम आहे ते. एवढा विचार करावाच लागत नाही.

मृण्मयी_क
डॉबरमनवाला, प्रश्न मांजराचा आहे.

अनघा_जोशी७३
ओरखडा आहे म्हणताय तर तो आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. रक्त नाही आलं म्हणून घरच्या घरी सोडून देऊ नका. मांजरीची लस झालीय हेही त्यांना सांगा, इंजेक्शन घ्यायचं की नाही ते तेच ठरवतील. आणि घरात गरोदर कोणी असेल तर लिटर तिने साफ करू नये.

प्राची_डोंबिवली
गरोदर कोणी नाही. हात धुतला, संध्याकाळी दाखवून येते. सामान म्हणाल तर मावशीने तिची गोधडी दिली होती, पण फार केस आणि वास होता म्हणून मी गरम पाण्यात धुऊन काढली. प्रेम कसं ओळखायचं ते सांगा ना कोणीतरी.

खारूताई
मी सांगते, आमच्याकडे तीन आहेत. पहिली गोष्ट शेपटी बघा. तुम्ही खोलीत शिरल्यावर शेपटी काठीसारखी उभी आणि टोक जरासं वळलेलं असेल तर ती तुम्हाला बघून खूश आहे, पिल्लं आईकडे अशीच जातात. दुसरं, गाल किंवा कपाळ तुमच्या पायाला, दाराच्या कडेला, पिशवीला घासते का? गालात, हनुवटीत, कपाळात वासाच्या ग्रंथी असतात, तो वास ती लावून ठेवते, म्हणजे हे आपलं. तिसरं कणीक मळणं. पांघरुणावर बसून पुढचे दोन पंजे आलटून पालटून दाबते, बोटं पसरते, मिटते, डोळे अर्धे मिटलेले, कधी लाळ पण गळते. दूध पिताना पिल्लं आईच्या पोटावर असंच करतात आणि मोठेपणी फार निवांत वाटलं की परत करतात. नखं रुततात तेव्हा ओरडू नका, मध्ये जाड टॉवेल घाला.
उचलून घेणं मात्र बऱ्याच मांजरींना मनापासून आवडत नाही. त्यात तुमचा काही दोष नाही, पाय जमिनीवरून सुटले की पळायची वाट बंद होते ना.

मृण्मयी_क
खारूताई +१. डोळ्यांचं पण सांगा की. ती लांबून बघत असेल तेव्हा डोळे अर्धवट मिटायचे, सावकाश पूर्ण मिटायचे, सावकाश उघडायचे आणि मान बाजूला वळवायची. टक लावून बघत राहणं म्हणजे त्यांच्या भाषेत दमदाटी. इंग्लंडमध्ये ससेक्स आणि पोर्ट्समथ युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 2020 मध्ये हे तपासलं, तर मांजरी उलट तसेच डोळे मिचकावतात आणि असं करणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाताकडेही जास्त येतात.

देशपांडे_काका
दूधभात सुरू करा. आमच्या वाड्यात सगळी मांजरं दूधभातावर वाढली आणि पायात पायात घोटाळायची.

निशिगंध७
काका, दूध नको प्लीज. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरींना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. उकडलेलं चिकन, मासे द्या, मीठ कांदा लसूण काही न घालता.

देशपांडे_काका
आमच्या एकाही मांजराला कधी जुलाब झाले नाहीत.

गुहागरी
वाड्यातली मांजरं कुठे जाऊन काय करायची ते तुम्हाला कसं कळणार काका. या बाबतीत निशिगंध बरोबर आहेत. मासे द्या, मांदेली उकडून, काटे काढून.

प्राची_डोंबिवली
खायचा प्रश्नच नाहीये!! खाते व्यवस्थित. शेपटी उभी करून येते सकाळी, हे आत्ता तुम्ही लिहिल्यावर लक्षात येतंय. मग चावते का?

खारूताई
चावण्याआधी ती सांगते, बघायचं कुठे ते माहीत पाहिजे. शेपटीचं टोक फट् फट् हलायला लागतं, पाठीवरची कातडी थरथरते, कान बाजूला वळतात, घुर्र घुर्र मध्येच थांबते. यातलं काहीही दिसलं की हात काढून घ्यायचा. पाठीवरून सलग हात फिरवत राहिलं, त्यातही शेपटीच्या मुळाशी, की बऱ्याच जणींना एका मर्यादेनंतर नको होतं. हनुवटीखाली, गालावर, कान आणि डोळ्याच्या मधल्या मोकळ्या जागेवर खाजवा, तेही तीन चार वेळा, मग थांबा. हाताला परत डोकं लावलं तर पुढे. आणि उताणी लोळून पोट दाखवलं म्हणजे विश्वास आहे एवढंच, पोटाला हात लावा असं नाही.
चाटून चावणं तर पुष्कळदा खेळ किंवा साफसफाईच असते, एकमेकींना चाटताना पण त्या मध्ये मध्ये दात लावतात. तुमच्याकडे ओरखडा उठला म्हणजे "पुरे" म्हणत होती बहुतेक.

निशिगंध७
प्राची, दोन प्रश्न. मावशी घरात काय नेसायची? आणि मांजरीला हाक काय मारायची?

प्राची_डोंबिवली
मावशी सुती नऊवारी. सासूबाई पण सुती साडीच, पण पाचवारी. का? मावशी ठमी म्हणायची. आमच्या मुलाने नाव ठेवलंय कॉफी.

निशिगंध७
मग बघा. सुती साडी नेसून एका जागी बसणारी, हळू बोलणारी, हात न लावणारी बाई तिला ओळखीची वाटते. त्यातून मांजरींना न बघणाऱ्या माणसाजवळ जायला बरं वाटतं, कारण तिथे जवळ जायचं की नाही ते त्यांचं त्या ठरवतात. आणि नाव त्यांना चांगलं कळतं, जपानमध्ये 2019 साली छापून आलंय, तशाच आवाजाच्या दुसऱ्या शब्दांतून पाळीव मांजरी स्वतःचं नाव वेगळं ओळखतात. पाच वर्षं ठमी ऐकलेल्या जिवाला कॉफी म्हणजे कोण? आजपासून ठमी म्हणा. गोधडी धुतलीच आहे तर आता तुमचा वापरलेला सुती गाऊन किंवा ओढणी तिच्या झोपायच्या जागी टाका, धुऊ नका, नव्या घराचा वास त्यातूनच ओळखीचा होतो.

एनजे_अमोल
मावशी कुठे गेल्या पण? परदेशात असतील तर मांजर नेता येतं हो. कॅनडाला रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं, एअरलाइनचे नियम वेगळे, कॅबिनमध्ये नेणार असाल तर पिंजऱ्याचं माप आधी विचारून घ्या. आम्ही आमचा बोका पुण्याहून इकडे आणला, मी सगळी प्रोसेस लिहून देतो.

प्राची_डोंबिवली
नको हो अमोल. मावशी कॅनडालाच गेलीय पण सुनेच्या बाळंतपणाला, सहा महिन्यांनी परत येणार आहे.

डॉबरमनवाला
म्हणजे मांजर परत जाणारच आहे?? मग एवढा जीव कशाला लावायचा. खायला घाला, नीट सांभाळा, परत द्या. लळा लागला तर तुम्हालाच त्रास आणि मांजराला पण दोनदा हलवायचा त्रास.

खारूताई
अजिबात पटलं नाही. पाहुणी असली तरी सहा महिने कोणाशीच जवळीक नको का तिने ठेवायला?

प्राची_डोंबिवली
मावशी निघताना फार रडली. रोज रात्री व्हिडिओ कॉल करते आणि पहिला प्रश्न ठमी जेवली का. ती इथे आहे तोवर तिला परक्याच्या घरी टाकल्यासारखं वाटू नये एवढंच मला पाहिजे. मला सोडून सासूबाईंकडे गेली तरी चालेल, पण भेदरलेली नको. मुलाला सांगते ठमी म्हणायला. उचलणं बंद.

अनघा_जोशी७३
व्हिडिओ कॉलवर मावशीचा आवाज ऐकून ती शोधत फिरते का? फिरत असेल तर तेवढ्या वेळ हेडफोन लावा. आमची मांजर मुलाचा आवाज ऐकून तासभर दारापाशी ओरडत राहायची.

सुशांत_बी
याच धाग्यात विचारतो. आमचा बोका कधी जवळ येत नाही, आज सकाळपासून मांडीवरून उठत नाहीये, सतत घुर्र घुर्र चालू आहे. अचानक प्रेम आलंय, का बरं?

निशिगंध७
जेवला का? लघवी झाली का आज? लिटरमध्ये जाऊन नुसता बसून येतोय का?

सुशांत_बी
जेवला नाही. लिटरमध्ये चार पाच वेळा जाऊन आला, ओलं काही दिसत नाही. बद्धकोष्ठ असेल असं वाटलं.

निशिगंध७
आत्ताच्या आत्ता व्हेटकडे न्या, उद्यावर टाकू नका. बोक्यांचा लघवीचा मार्ग अरुंद असतो, तो तुंबला तर एक दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. दुखत असताना पण मांजरं घुर्र घुर्र करतात आणि कधी न चिकटणारं मांजर अचानक चिकटतं. पोट दाबून बघू नका. आणि घरातली माणसांची कुठलीही गोळी देऊ नका, पॅरासिटामॉल तर मांजराला विष आहे.

खारूताई
रविवार आहे, जवळचा दवाखाना बंद असेल तर चोवीस तास चालणारं शोधा. फोनवर "बोका, लघवी होत नाही" एवढंच सांगा, लगेच घेतात.

सुशांत_बी
फोन लागला. रिक्षा बोलावलीय.

प्राची_डोंबिवली
सुशांत, काय झालं ते इथेच लिहा प्लीज.