मदत हवी आहे: 'मत्स्यगंधा'ची सत्यवती आणि एक पायपेटी

नाशिककर मंडळी, नमस्कार. आमच्या हौशी ग्रुपने 'संगीत मत्स्यगंधा' पुन्हा उभं करायचं ठरवलंय. १९६४ चं नाटक, लिहिणारे वसंत कानेटकर आपल्या नाशिकचे. इथे नाही तर कुठे करायचं?

पण गाडी नायिकेच्या, सत्यवतीच्या भूमिकेपाशी अडलीय. एक मुलगी गाते सुरेख, पण संवाद म्हणजे पाठांतर स्पर्धा. दुसरी रंगमंचावर आली की नजर हटत नाही, मात्र तार सप्तकात आवाज चिरकतो. ज्येष्ठ म्हणतात, अभिषेकीबुवांच्या चाली आहेत, गळा आधी. मला वाटतं, गाणं तीन महिन्यांत बसवता येईल, वावर नाही. तुम्ही कोणाला घ्याल? पराशराच्या भूमिकेला तर कुणी हातच लावेना, ती मूळ प्रयोगात गाजवणाऱ्या रामदास कामतांशी तुलना होईल म्हणून! एकजण म्हणाला, नाटक कशाला, नुसती पदंच गा. त्याला चहा पाजून गप्प केलं.

आता खरी अडचण. पायपेटी (पायाने भाता चालवायची हार्मोनियम) भाड्याने कुठे मिळेल? काल एक पाहिली, भाता फाटलेला आणि मधला गंधार मुका. शिवाय प्रयोगाची परवानगी कोणाकडे मागायची? पहिल्या प्रयोगाला कालिदास नाट्यगृह परवडेल की साईखेडकर नाट्यगृह बरं? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.