शिशाच्या अणुभट्टीला कल्हई पुरंल का?

वाळूजकर: कोटिंगच्या लाइनवर सोळा वर्षं काढली, म्हणून सांगतो, लेपावर भरवसा टाकून अणुभट्टी चालवू नये. रशियात सेव्हर्स्कला २०२१ पासून ‘ब्रेस्ट’ ही ३०० मेगावॉटची भट्टी बांधायलेत. तिच्यात उष्णता वाहून न्यायला पाण्याऐवजी वितळलेलं शिसं फिरणार. शिसं स्टीलमधलं निकेल खाऊन टाकतं, ५०० अंशांच्या वर तर फारच. उपाय काय, तर स्टीलवर ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, पातळ थर द्या म्हणायलेत. आमच्याकडं जॉब कुठं फेल जातो? कडेला, वेल्डवर, नळीच्या आतून. एक पिनहोल, सुईएवढं भोक, पुरतं. घरच्या पातेल्याला कल्हईवाला परत बोलावता येतो, इथं कोण जाणार आत?

लातूरची मास्तरीण: दादा, हा कल्हईसारखा वर बसवलेला थर नाही. जर्मनीत कार्ल्सरूहला ॲल्युमिनियम असलेला धातूचा थर देतात आणि इलेक्ट्रॉनांच्या झोताने तो वरवर वितळवून स्टीलमध्ये मुरवतात. पुढे शिशात विरघळलेला ऑक्सिजन त्यातल्या ॲल्युमिनियमला धरतो आणि ॲल्युमिना तिथेच तयार होतो. ओरखडा पडला तर पुन्हा धरतो.

जालना_रोलिंग: मग सगळं स्टीलच तसलं ओता की! आमच्याकडं भट्ट्या काय कमी हायत?

लातूरची मास्तरीण: ओतता येईल, पण ॲल्युमिनियम वाढलं की वेल्डिंग अवघड होतं. क्रोमियम जास्त असेल तर ४७५ अंशांच्या आसपास वर्षानुवर्षं राहून स्टील ठिसूळ होतं. शिवाय नव्या स्टीलच्या चाचण्यांत वर्षं जातात. म्हणून ओळखीचं स्टील आणि वर थर, हे मला शहाणपणाचं वाटतं.

परळीवाला: एवढा खटाटोप कशाला? तमिळनाडूत कल्पक्कमच्या अणुभट्टीत शिशाऐवजी वितळलेलं सोडियम वापरतात. त्यातला ऑक्सिजन कमी ठेवला की स्टेनलेसला फारसं काही होत नाही.

वाळूजकर: आणि गळती झाली की हवेत पेट घेतंय, पाण्याचं तर विचारूच नका. ताई, तुमचा थर भरून येतो, मान्य. पण ऑक्सिजन नेमका ठेवला तरच. कमी पडला तर थर धरत नाही, जास्त झाला तर शिशाच्या ऑक्साइडच्या गाठी. सोव्हिएत पाणबुडी के-२७ च्या अणुभट्टीत शिसं अन् बिस्मथ या धातूंचं वितळलेलं मिश्रण फिरत होतं. १९६८ ला ऑक्साइडचा गाळ अडकून त्या मिश्रणाची वाट तुंबली अन् माणसं गेली. आणि पंपाच्या पात्यावर शिसं जोरात घासतंय, तिथं थर भरायच्या आधीच उडंल.

लातूरची मास्तरीण: पंपाचं तुमचं खरं. तिथे वेगळं मटेरियलच लागेल. इंधनाच्या नळ्यांबाबत मात्र मी मागे सरणार नाही.