अनुभव धागा : सोलापूरहून नेपाळ, पहिली फेरी

पशुपतिनाथ-मुक्तिनाथला निघालेले सोलापूरकर पुष्कळ. व्हिसा लागत नाही, लिपी आपलीच, त्यामुळे चौकशी राहून जाते आणि अडचण तिथेच होते. जाणत्यांनी आपापल्या भागाचं नाव देऊन नेमकं लिहावं.

विजापूर रोड : विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हवं, तेही मूळ. १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधारवर जाता येत नाही. हे मुंबईच्या काउंटरवर कळून उपयोग नाही.

जुळे सोलापूर : १ भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी, दर बांधलेला आहे. दुकानदार ‘आयसी’ म्हणाला तर भारतीय, ‘एनसी’ म्हणाला तर नेपाळी. नुसतं ‘८००’ सांगितलं तर आधी विचारा. नेपाळी ८०० म्हणजे आपले ५००; न विचारता दिले तर ३०० जास्त गेले. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा.

अशोक चौक : तिथलं घड्याळ १५ मिनिटं पुढे. सरकारी कॅलेंडर विक्रम संवताचं आणि तेही सौर, म्हणून बसच्या तिकिटावरची ‘५ गते’ म्हणजे तिथल्या सौर महिन्याचा पाचवा दिवस; ना आपली ५ तारीख, ना पंचमी. इंग्रजी तारीख शेजारी लिहून घ्याच.

होटगी रोड : मुक्तिनाथबद्दल सविस्तर लिहितो, कारण घरातली वयस्कर मंडळी तिथेच जातात. सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास, पोखरा ८०० च्या पुढे, जोमसोम २,७०० आणि मंदिर ३,७०० च्या वर. पोखऱ्याहून एका दिवसात वर जाऊन दर्शन उरकायचं ठरवलं की डोकं ठणकतं, मळमळतं. जोमसोम किंवा कागबेनीला एक मुक्काम करा, पाणी पीत राहा, पायऱ्या सावकाश चढा. त्रास वाढला तर दर्शन सोडून खाली उतरायचं, यात तडजोड नको. मंदिराच्या १०८ धारांचं पाणी बर्फासारखं असतं; हृदयविकार असलेल्यांनी अंगावर घेऊ नये, हातावर घेऊन डोक्याला लावावं. पोखरा-जोमसोम विमानं सकाळीच उडतात, कारण दुपारकडे काली गंडकीच्या खोऱ्यात वारा सुटतो. सकाळचं रद्द झालं तर तो दिवस गेला. म्हणून परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा.

सात रस्ता : गोरखपूरहून सीमेवरचं सोनौली सुमारे ९० कि.मी. स्वतःची गाडी असेल तर सीमेवर ‘भन्सार’, म्हणजे कस्टमची पावती, दिवसांच्या हिशेबाने घ्यावी लागते. एक-दोन दिवस जास्तीचे भरा. पावसाळ्यात दरडीमुळे रस्ता अडला आणि मुदत उलटली, तर दंड बसतो.

बाळे : शाकाहारी असाल तर मोमो मागताना ‘व्हेज’ स्पष्ट सांगा. ‘बफ’ म्हणजे म्हशीचं मांस. दालभात बहुतेक ठिकाणी मिळतो, पण तिखट बेताचं; शेंगा चटणी बरोबर असू द्या.