आजेसासूबाईंच्या ट्रंकेतलं चांदीचं कडं मूळ कुठलं असेल?

नमस्कार,

गेल्या महिन्यात इंदूरचं जुनं घर आवरताना आजेसासूबाईंच्या ट्रंकेत, नऊवारीच्या घडीत गुंडाळून ठेवलेलं एक चांदीचं कडं सापडलं. एकच आहे, जोडी नाही. ते कुठल्या भागातलं आणि कोणाच्या हातातलं, हे मला जाणून घ्यायचंय. विकायचं नाही, त्यामुळे किमतीचा अंदाज कृपया देऊ नका.

कडं उघड्या तोंडाचं आहे. फिरकी नाही, कीळ नाही, मनगट तिरकं करून आत सरकवायचं. भरीव आहे, करंगळीएवढं जाड. दोन्ही टोकांना पैलू पाडलेल्या मोठ्या गाठी आहेत आणि प्रत्येक पैलूवर एक बारीक वर्तुळ, त्याच्या मधोमध ठिपका, असा ठसा ठोकलेला आहे. पाठीवर छिन्नीनं काढलेली नागमोडी रेघ. ती हातानंच काढलेली असणार, कारण एका ठिकाणी वळण चुकलंय आणि कारागिरानं पुढच्या दोन वळणांत ते सांभाळून घेतलंय. कड्याची एक बाजू झिजून सपाट झाली आहे, दुसरी नाही. शेजारी दुसरं कडं वर्षानुवर्षं घासत असावं, म्हणजे मूळ जोडी होती असं मला वाटतं.

वजन 186 ग्रॅम. सराफ्यात टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढून घेतला, तो 90 टक्क्यांच्या आसपास आला. घरी येऊन हिशोब केला तेव्हा चमकले. जुना चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात चांदी जवळपास 92 टक्के. म्हणजे कडं जवळजवळ नेमकं 16 रुपये भाराचं! पूर्वी लोक सोनाराला रुपये देऊन ते आटवून दागिना घडवून घेत, तसंच हे असावं. 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, तेव्हा यातले रुपये त्याआधीचे असणार. घडवलं मात्र नंतरही असू शकेल.

आता खरी अडचण. सासूबाई सांगतात, हे आजेसासूबाईंनी माहेराहून, बडोद्याहून आणलं. पण आपल्याकडे हातात सोन्याचे गोठ, पाटल्या, तोडे, चांदी पायात. मराठी नवरीच्या मनगटावर 16 तोळ्यांचं चांदीचं कडं मला तरी पटत नाही. पायातलं म्हणावं तर आतला व्यास जेमतेम 6 सेंटिमीटर, मोठ्या बाईच्या पायात जाणार नाही. आत्येसासूबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अगं, ते कुक्षीचं. कोणीतरी ठेवून गेलं, ते न्यायला आलंच नाही."

आजेसासरे इंदूरला येण्याआधी धार जिल्ह्यातल्या कुक्षीला वैद्य होते. तो सगळा भिल्ल-भिलालांचा मुलूख. पाऊस दगा द्यायचा त्या वर्षी बायकांच्या अंगावरची चांदी गहाण पडायची, पीक आलं की सोडवून न्यायची, हे तिकडे सर्रास चालायचं. आमच्या घरात सावकारी नव्हती, पण औषधाच्या पैशांपोटी कोणी हे ठेवून गेलं असेल का?

आतल्या बाजूला टोकदार वस्तूनं कोरलेली तीन-चार अक्षरं आणि तीन उभ्या रेघा आहेत. अक्षरांवर शिरोरेषा नाही. मोडी लिहिताना आधी ओळभर रेघ ओढतात, ती इथे दिसत नाही. गुजराती असेल तर बडोद्याची गोष्ट खरी ठरू शकते. व्यापाऱ्यांची महाजनी लिपी असेल, तर ही गहाणाची खूण असण्याची शक्यता वाढते. महाजनी वाचू शकणारं कोणी इथे असेल तर फार मदत होईल. अक्षरांवर बोटानं मैदा चोळून फोटो काढलेत, ते खाली देते आहे.

अशा पैलूदार गाठींची कडी झाबुआ, अलीराजपूरकडे बघितलेल्यांनी, किंवा बंजारा आणि काठियावाडी दागिने जवळून पाहिलेल्यांनी, कृपया फरक सांगावा. याला तिकडे नाव काय? सराफ्यातल्या एका दुकानदारानं लगेच उजळून देतो म्हणून सांगितलं, मोडीत घालायचा आग्रहही केला. मी तसंच परत आणलं. खाचांतला काळेपणा घालवू नये असं वाटतं, बरोबर ना?

होळीच्या आधी आदिवासींचे भगोरियाचे हाट, म्हणजे बाजार-जत्रा, भरतात, तेव्हा कुक्षीकडे जायचा विचार आहे. त्यापूर्वी अक्षरं लागली तर बरं. आत्येसासूबाई 91 वर्षांच्या आहेत, आणि ठेवून गेलेल्या बाईच्या गावाचं नाव त्यांना अजून अर्धं आठवतं.