ऑफिसच्या कम्प्युटरवर युजर प्रोफाईल नवं केलं: काय गेलं, काय वाचलं? अनुभव लिहा

अख्खा कम्प्युटर फॉरमॅट मारायची दर वेळी गरज नसते, नुसतं युजर प्रोफाईल (म्हणजे एका लॉगिनचा डेस्कटॉप, फाईली आणि सेटिंग्ज) नवं केलं तरी भागतं, हे आता बऱ्याच ऑफिसांत माहीत झालंय. पण त्या प्रोफाईलसोबत काय काय जातं ते गेल्यावरच कळतं. आपल्याकडं तालुक्याच्या गावात आयटीवाला जिल्ह्याहून येतो, त्याला संध्याकाळची गाडी धरायची असते. कुणाची कोणती फाईल कुठं आहे हे विचारत बसायला त्याला सवड नसते. म्हणून हा धागा. शाळा, पतसंस्था, कारखाना, दवाखाना, जिथं तुम्ही काम करता तिथला अनुभव सांगा. स्क्रीनवर काय मजकूर आला होता ते आठवत असेल तर जरूर लिहा. पासवर्ड आणि लोकांची नावं मात्र नकोत.

वसमत, शिक्षणसंस्थेचं कार्यालय

आमचा सगळा जुना पत्रव्यवहार कृतिदेव या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. हेडक्लार्क काकांचं लॉगिन अडकायला लागलं म्हणून नवं प्रोफाईल करून दिलं. वर्ड, एक्सेल, प्रिंटर सगळं नीट. दुसऱ्या दिवशी काकांनी वेतननिश्चितीचं जुनं पत्र उघडलं तर पानभर इंग्रजी अक्षरं, मधेच कंस, मधेच अधिकचं चिन्ह. व्हायरस घुसला म्हणून त्यांनी नेटची वायरच काढली. ऑडिट तोंडावर आलेलं, काकांचा चेहरा बघवत नव्हता.

फाईलला काही झालेलं नव्हतं. कृतिदेव इंग्रजी अक्षरांच्याच जागेवर मराठी आकार बसवतो. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. आणि फॉन्ट गेला कुठं? विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर राईट क्लिक करून साधं ‘इन्स्टॉल’ दाबलं की तो फक्त त्या युजरपुरता बसतो. नव्या प्रोफाईलला तो दिसत नाही. जुन्या युजरच्या फोल्डरात ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स असं आत गेलं की सगळे सापडतात. तिथून घेऊन या वेळी ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ केलं, ॲडमिनचा पासवर्ड टाकला, आणि पत्र जसंच्या तसं वाचता आलं.

युनिकोडमधली, म्हणजे खास फॉन्ट न लागणारी पत्रं पहिल्यापासून बरोबर दिसत होती. फक्त मराठी कीबोर्डही युजरपुरताच असतो, त्यामुळं इनस्क्रिप्ट परत जोडावा लागला.

जालना, कारखान्याचा हिशेब विभाग

मार्चअखेरची गोष्ट. आमच्यातल्या नव्या मुलीनं सकाळी लॉगिन केलं तर डेस्कटॉप रिकामा. आधी एक चौकट आली होती, ‘वुई कान्ट साईन इन टू युअर अकाउंट’. तिला वाटलं आयटीवाल्यांनी साफसफाई केली असेल. दिवसभर बँकेचा ताळमेळ करून शीट डेस्कटॉपवरच सेव्ह केली आणि मशीन बंद करून घरी गेली. सकाळी काहीच नाही.

ते तात्पुरतं प्रोफाईल होतं. साईन आऊट केलं की त्यातलं सगळं पुसलं जातं. त्या पोरीची काही चूक नव्हती, असं होतं हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. तसा डेस्कटॉप दिसला तर काम थांबवा, आणि केलंच असेल तर बंद करायच्या आधी डी ड्राईव्हला किंवा पेनड्राईव्हवर घ्या.

परभणी, हार्डवेअर दुरुस्ती

वरच्या ताईंचं बरोबर आहे, पण मुळात ही वेळ का येते ते सांगतो. सी ड्राईव्हमधल्या युजर्समध्ये जाऊन जुनं फोल्डर थेट डिलीट मारायचं, लई जण हेच करायलेत. फोल्डर जातं, पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, प्रोफाईललिस्टमधली त्याची नोंद राहते. मग पुढच्या लॉगिनला विंडोजला फोल्डर सापडंना आणि ते तात्पुरतं प्रोफाईल देतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या यादीत, १५११ क्रमांक दिसला की समजायचं.

रस्ता असा. दुसऱ्या ॲडमिन लॉगिननं आत या. जुन्याचं फोल्डर आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, युजर प्रोफाईल्स, सेटिंग्ज इथून डिलीट करा. फोल्डर आणि नोंद दोन्ही जातात. त्या युजरनं परत लॉगिन केलं की नवं आपोआप तयार होतं.

आणि त्याच्याही आधी प्रोफाईललिस्ट उघडून बघा. एस-१-५-२१ नं सुरू होणारा एकच लांब आकडा (तो युजरचा ओळख क्रमांक) दोनदा असेल, एकापुढं ‘.बॅक’ असेल, तर बऱ्याचदा नुसती नावं अदलाबदल करून जुनं प्रोफाईल जिवंत होतं. रजिस्ट्रीचा बॅकअप घेऊनच हात लावा.

आपल्याकडं मोठं कारण लाईट. युजरच्या सेटिंग्ज एनटीयूजर.डॅट नावाच्या फाईलीत असतात. ती लिहिली जात असताना लाईट गेली अन् यूपीएसची बॅटरी मेलेली असली, की ती बिघडू शकते. नवं प्रोफाईलही पुन्हा बिघडायलं तर हार्डडिस्क तपासा, प्रोफाईल उडवत बसू नका.

धाराशिव, दवाखान्याचं रिसेप्शन

स्टिकी नोट्स, म्हणजे स्क्रीनवर चिकटवायच्या चिठ्ठ्या, गेल्या. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटा त्यातच होत्या. जुनं फोल्डर शाबूत होतं म्हणून आतली प्लम.एसक्यूलाइट फाईल उचलून आणता आली.

छत्रपती संभाजीनगर, सीए ऑफिस

आमच्याकडं क्रोमचा प्रश्न आला. जुनं क्रोमचं फोल्डर तसंच नव्या प्रोफाईलमध्ये टाकलं. बुकमार्क आले, पण अशिलांचे जीएसटीचे सेव्ह केलेले पासवर्ड उघडेनात. ते त्या विंडोज युजरच्या किल्लीनं बंद असतात, कॉपी करून उपयोग नाही. जुनं लॉगिन चालतंय तोवर क्रोममधून एक्सपोर्ट करून घ्या, नव्यात भरा आणि ती फाईल लगेच नष्ट करा, कारण तिच्यात सगळे पासवर्ड उघडे असतात. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनला धक्का लागत नाही, किल्ली टोकनमध्येच असते.

वसमत, शिक्षणसंस्थेचं कार्यालय

परभणीच्या दादा, आमच्या मुख्याध्यापक सरांचं आउटलुक आहे. त्यांचं प्रोफाईल बदलायचं झालं तर मेल कुठं शोधायचे?

परभणी, हार्डवेअर दुरुस्ती

ताई, डॉक्युमेंट्समध्ये ‘आउटलुक फाईल्स’ फोल्डर असतं, त्यातल्या पीएसटी फाईली घ्या, मेल त्यातच साठवलेले असतात. काही जणांनी त्या दुसऱ्या ड्राईव्हवर ठेवलेल्या असतात, म्हणून जुनं लॉगिन चालू असतानाच आउटलुकच्या अकाउंट सेटिंग्जमधल्या ‘डेटा फाईल्स’मध्ये पत्ता बघून ठेवा. ओएसटी असेल तर ती सर्व्हरवरच्या मेलची प्रत असते, खातं परत जोडलं की नवी बनते. कॉपी करताना आउटलुक बंद पाहिजे.