डोंगरातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण पुण्याजवळ कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमचा कोथरूडचा छोटा ग्रुप राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड असे ट्रेक नेतो, नफ्यासाठी नाही. सात-आठ लीडर, सगळे नोकरी करणारे.

शहरात प्रथमोपचार आणि सीपीआरचा एक दिवसाचा वर्ग आम्ही केला आहे. शिकवलं उत्तम, पण सगळं '१०८ येईपर्यंत' या हिशोबानं. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत, म्हणजे त्या उभ्या घळीत, कुणाचा पाय मोडला, तर त्याला खाली गावापर्यंत आणायलाच कित्येक तास जातात. तोवर त्याला ऊब कशी द्यायची, काठी आणि ओढणीनं पाय कसा बांधायचा, आग्या मोहोळ उठलं तर बाकीच्यांना कुठे हलवायचं, आणि मुख्य म्हणजे त्या गोंधळात निर्णय कुणी घ्यायचा, हे हातानं करूनच शिकायचं आहे. व्हिडिओ पाहून भागत नाही.

'वाइल्डरनेस फर्स्ट एड' (दवाखान्यापासून दूर, रानावनातला प्रथमोपचार) हा साधारण १६ तासांचा कोर्स आम्हाला झेपेल. पुढचा 'फर्स्ट रिस्पॉन्डर' ७०-८० तासांचा असतो, तेवढी रजा कुणालाच नाही. मसुरीला हनिफल सेंटरमध्ये असे कोर्स होतात, पण सगळ्यांचं जाणं-येणं परवडणार नाही.

शनिवार-रविवारच जमेल, तेही पावसाळ्याआधी. मराठी किंवा हिंदीतून हवं, कारण दोन लीडर भोरकडच्या गावांतले आहेत आणि आणीबाणीत तेच सगळ्यांत आधी पोचतात.

पुणे ते लोणावळा पट्ट्यात असा कोर्स कुणी स्वतः केला आहे का, आणि तिथे प्रत्यक्ष डोंगरावर सराव करून घेतात का?