मदत हवी आहे: आजोबांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर ठेवावं की विकावं? रविवारपर्यंत सांगायचंय

घाटावरची
नमस्कार. घरात आजोबांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर आहे. बाबा फेब्रुवारीत गेले. दादाच्या ओळखीतला एक माणूस साडेतीन लाख रोख द्यायला तयार आहे, रविवारी येतोय. माझं मन होत नाही. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत लढले. दसऱ्याला ते रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवून झेंडूचं फूल वाहायचे, त्यांच्यामागे बाबा वाहायचे. दादा म्हणतो, गंज चढवत ठेवण्यापेक्षा घराचं छप्पर तरी होईल. मॉडेल दुर्मिळ आहे असं ऐकलंय. मग साडेतीन कमी आहेत का? ठेवलं तर पुढे किंमत वाढेल का? लवकर सांगा, आणि माहिती असेल त्यांनीच सांगा.

जुनंपितळ
वेब्ली म्हणजे कुठलं? मार्क सहा की मार्क चार? बोअर, म्हणजे नळीच्या आतलं माप, किती? नळीवर आणि सांगाड्यावर काय काय कोरलंय ते जसंच्या तसं लिहा. त्याशिवाय किमतीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

तालुकावकील
ताई, किंमत नंतर. परवाना कोणाच्या नावावर आहे? आणि शस्त्र आत्ता, या क्षणी, कुठे आहे?

घाटावरची
परवाना बाबांच्या नावावर, त्याआधी आजोबांच्या. शस्त्र घरीच आहे, कपाटाच्या लॉकरमध्ये. पण माझा प्रश्न ठेवावं की विकावं हा आहे.

तालुकावकील
तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. बाबा गेले त्या दिवसापासून ते रिव्हॉल्व्हर कायदेशीरपणे बाळगण्याचा हक्क तुमच्या घरात कोणालाच नाही. शस्त्र अधिनियम १९५९, कलम २१: वारसाने विनाकारण उशीर न करता शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या, म्हणजे प्रतिबंधित नसलेल्या, बोअरचं शस्त्र विनापरवाना बाळगलं तरी किमान दोन वर्षांची कैद आहे. सहा महिने होत आले. उद्या सकाळी जमा करा.

आणि रविवारचं विसरा. परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाला शस्त्र विकायचं असेल तरी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. तुमच्याकडे तर परवानाच नाही. तो माणूस रोख घेऊन रविवारी येतोय, म्हणजे त्याला कागद नको आहेत. उद्या त्या शस्त्राने कुठे काही झालं तर नंबर बाबांच्या परवान्यावर सापडेल आणि पोलीस तुमच्या दारात येतील.

निवांत७१
एवढं घाबरवू नका हो. महायुद्धातलं आहे म्हणजे अँटिक झालं. शंभर वर्षांच्या वस्तूला परवाना लागत नाही.

तालुकावकील
निवांतकाका, हा गैरसमज मला महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. कलम ४५ मधली सूट जुन्या धाटणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनसुद्धा चालणार नसेल तरच. चालणारं रिव्हॉल्व्हर कितीही जुनं असो, त्याला परवाना लागतो. शंभर वर्षांची अट १९७२ च्या पुरावशेष कायद्यातली आहे, तिचा इथे संबंध नाही.

शेतकरी_संजू
निवडणूक लागली की आमच्याकडे सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतात. रानडुकरं ऐन तेव्हाच मक्यात घुसतात. माझ्या १२ बोअरच्या बंदुकीचा लाकडी दस्ता दोन निवडणुकांत पार भेगाळून परत आला. ज्यांच्यावर एकही गुन्हा नाही त्यांनी का जमा करायचं?

मेघना_नाशिक
घरात संरक्षणासाठी काही हवंच असेल तर एअर पिस्तूल घ्या. .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आत असेल तर परवान्याची भानगड नाही.

घाटावरची
संरक्षणासाठी नकोय. आजोबांचं आहे म्हणून हवंय.

आत्ता लॉकर उघडून वाचलं. वरच्या पट्टीवर डाव्या बाजूला MARK IV म्हणजे मार्क चार, पुढे .३८ आणि त्यापुढे १४५/२००. सांगाड्यावर बारीक अक्षरांत ‘वॉर फिनिश’. छोटा बाणही आहे. मुठीच्या डाव्या बाजूची पट्टी जरा झिजलीय, आजोबा डावखुरे होते. सोबत तपकिरी चामड्याचं म्यान आणि पुठ्ठ्याच्या डबीत अकरा काडतुसं, बुडावर ‘के एफ’. १४५/२०० म्हणजे काय?

जुनंपितळ
आता बोलता येईल. हे बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचं .३८ मार्क चार. १४५ आणि २०० ही गोळीची वजनं आहेत, ग्रेनमध्ये. ‘वॉर फिनिश’चा अर्थ असा, की युद्धाच्या घाईत कारखान्याने नेहमीसारखी तकतकीत पॉलिश केली नाही, आणि आपल्या नावाला बट्टा नको म्हणून तसं कोरून टाकलं. बाण ब्रिटिश सरकारी मालाचा. दोन बाण टोकाला टोक लावून आहेत का ते भिंगाने बघा. असतील तर ते सरकारने रीतसर विकलेलं आहे, आणि वारसा दाखवताना हा खूप मोठा आधार होतो. ‘के एफ’ म्हणजे आपला खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ पासूनचा.

आता वाईट बातमी. युद्धात ही रिव्हॉल्व्हरं ढिगाने बनली, जगात दुर्मिळ अजिबात नाहीत. आणि भारतात हे बोअर पीबी, म्हणजे प्रतिबंधित बोअर. .३८० (तुमचं .३८ त्यातलंच) आणि .४५५ ची काडतुसं ज्यात बसतात ती सगळी पीबी. म्हणून तर आपल्या सरकारी कारखान्याने याच मार्क चारच्या धर्तीवर लोकांसाठी रिव्हॉल्व्हर काढलं ते .३२ मध्ये. पीबी शस्त्र पीबीचा परवाना असलेल्यालाच विकता येतं, आणि असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. परदेशी .३२ ला लोक रांग लावतात, कारण ऐंशीच्या दशकापासून आयात जवळपास बंद आहे. तो भाव तुमच्या .३८ ला सरळ मार्गाने मिळणार नाही. साडेतीन लाखांचा आकडा सरळ मार्गाचा नाही.

कोल्हापूरचा_नेमबाज
जुनंपितळांशी सहमत, फक्त एक भर. हल्लीचं .३८ स्पेशल काडतूस यात बसवायला कोणी सिलिंडर खरवडून देतो म्हणाला तर हाकलून द्या. स्पेशलचा दाब या जुन्या शस्त्राला झेपत नाही, आणि वरून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची कडी आधीच नाजूक असते. आमच्या एका ओळखीच्याने हे केलं, आता ती कडी नीट बसतच नाही.

निवांत७१
मग निकामी करून घ्या ना. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. नळी बंद करायची आणि भिंतीवर टांगायचं. परवाना नको, चिंता नको.

जुनंपितळ
काका, ऐंशी वर्षं जपलेलं, मूळ भाग असलेलं शस्त्र वेल्डिंग करून बुजवायचं? एकदा केलं की परत फिरता येत नाही. हा शेवटचा उपाय, पहिला नाही.

निवांत७१
परवान्यापायी दोन वर्षं चकरा मारण्यापेक्षा बरं. मी मारल्यात. माझे वडील गेल्यावर शेवटी कंटाळून सरकारजमा केलं, आजही हळहळतो. म्हणून सांगतोय. नळी बुजली तरी आजोबांचा हात लागलेली मूठ घरात राहील.

तालुकावकील
ताई, ठेवायचंच असेल तर वारसाला परवाना मागता येतो. बाबा सत्तरीचे झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगून झाल्यावर त्यांच्या हयातीतच नावावर करून घेता आलं असतं, तेव्हा काम सोपं होतं. आता मृत्यू दाखला, मूळ परवाना, तुमचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि बाकी सगळ्या वारसांचं ना-हरकत लागेल. पीबी आहे म्हणून प्रकरण जिल्ह्यात संपत नाही, केंद्रीय गृह मंत्रालयापर्यंत जातं. वारसाहक्काने आलेलंही धरून एका माणसाकडे दोनच शस्त्रं असू शकतात. तुमच्या नावावर एकही नसेल तर ती अडचण नाही. परवान्यावर यूआयएन, म्हणजे देशभरातल्या नोंदीतला क्रमांक, आहे का? आणि दादाशिवाय आणखी वारस कोण?

घाटावरची
यूआयएन आहे, बाबांनी घेतला होता. वारस आई, दादा आणि मी. आई माझ्या बाजूने. दादाला हा धागा वाचायला दिला. तो काही बोलला नाही, पण रविवारच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवलं.

उद्या घेऊन जाताना म्यानात घालून नेऊ का?

जुनंपितळ
म्यानात अजिबात नको. चामडं ओल धरतं आणि पावसाळ्यात आठवड्याभरात लोखंडावर बारीक पुरळ उठतं. सिलिंडर रिकामं आहे ना बघा. कोरड्या सुती फडक्याने पुसून बंदुकीच्या तेलाचा पातळ हात फिरवा, खोबरेल लावू नका, ते चिकट होऊन बसतं. मेणकागदात गुंडाळा. काडतुसं वेगळ्या डबीत. निघण्याआधी प्रत्येक खुणेचा जवळून फोटो काढा. म्यान आणि आजोबांची सैन्यातली कागदपत्रं घरीच ठेवा, उद्या कोणी विचारलं की हे घरात आलं कसं, तर उत्तर त्यांच्यातच आहे.

तालुकावकील
निघण्याआधी ठाण्यात फोन करून सांगा. मूळ परवाना आणि मृत्यू दाखला बरोबर असू द्या. जमा केल्याची पावती घ्या, तिच्यावर शस्त्राचा नंबर, बोअर, काडतुसांची संख्या आणि स्थिती लिहून घ्या. जमा ठेवण्याला मुदत असते, ती उलटली तर शस्त्र सरकारजमा होऊ शकतं, म्हणून वारस परवान्याचा अर्ज त्याच आठवड्यात टाका.

शेतकरी_संजू
आणि लाकडी मुठीला जवसाचं तेल लावा, माझ्या दस्त्याचं झालं तसं होऊ नये.

घाटावरची
सकाळी आई आणि मी जाऊन आलो. ठाणे अंमलदार चांगले होते, सहा महिने उशीर का म्हणून विचारलं, आईने सांगितलं की माहीतच नव्हतं. त्यांनी तसा जबाब लिहून घेतला. रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात देताना आईने मुठीला हात लावून नमस्कार केला. दोन बाण टोकाला टोक खरंच आहेत, नळीच्या मुळाशी, भिंगाने दिसले.

अर्ज माझ्या नावाने करणार. दादाने ना-हरकतीवर अजून सही केलेली नाही, म्हणाला, छपराचं काय ते आधी सांग. त्याचंही चूक नाही. दोन खोल्या खरंच गळतात.

तालुकावकील
उत्तम केलंत. दादांशी बोला, सही महत्त्वाची. पावतीवर सगळं नीट लिहिलंय ना? बोअर तपासलंत?

घाटावरची
आत्ता बघितलं. नंबर बरोबर आहे, काडतुसं अकरा बरोबर आहेत. बोअरच्या रकान्यात .३२ लिहिलंय. उद्या सकाळी परत जाते.